काशीला कोणाकोणाला न्यायचं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या गुरुवारी सत्संग संपल्यावर अंबरपेठच्याच एका सेवेकऱ्याने हातात चिठ्ठी दिली. सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटला असेल. चिठ्ठीतला मजकूर असा : "महाराज, माघात आम्ही घरची सगळी मिळून काशीला जाणार. सव्वीस माणसं होतात. मोठ्या आत्या एक्याऐंशीच्या आहेत, गुडघे चालत नाहीत. घरात काहींचं म्हणणं, त्यांना नको, सांभाळायचं कोणी? आत्या स्वतःच म्हणतात, मी येत नाही, तुम्ही जा. दुसरं म्हणजे, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझा आणि धाकट्याचा दोन वर्षांपासून अबोला आहे. एका गाडीत कसं जमायचं? काय करावं?"

नाव सांगत नाही. त्यांना विचारूनच इथे घेतोय. आणि खरं सांगायचं तर ही चिठ्ठी निम्म्या अंबरपेठची आहे.

पहिली गोष्ट आत्यांची. "मी येत नाही" हे वाक्य आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायका आयुष्यभर म्हणत आल्या. मला नको, तुम्ही घ्या. मला भूक नाही, तुम्ही बसा. साडी आहे की चांगली. त्या "नाही"चा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, माझं ओझं कोणाला नको. आणि आपण तो शब्द लगेच उचलतो. सुटलो! त्याच नाही म्हणाल्या, आता आपला काय दोष? बाबांनो, त्यांना पुन्हा विचारा. चारचौघांत नाही, एकट्या असताना विचारा, जवळ बसून. खरोखरच त्यांना घरी बसून जप करायचा असेल, तर तोही मान राखा. ओढून नेणं ही काही सेवा नव्हे. पण विचारणाऱ्याच्या आवाजातच जर "नाही म्हणा" असं असेल, तर त्या नाहीच म्हणणार.

नाथांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेनं तडफडत होतं. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली आणि म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला. (आत्यांना गाढव म्हणतोय असं कोणी घरी जाऊन सांगू नका. काही मंडळी प्रवचनातलं तेवढंच घेऊन जातात.) या कथेत आपण नाथ बघतो, गाढव बघतो. बरोबरचे यात्रेकरू कोणी बघत नाही. ते वाईट नव्हते. त्यांचंही पाणी कष्टानं आणलेलं होतं. त्यांना फक्त पुढे जायचं होतं. वाटेतलं ते तहानलेलं जनावर त्यांना अडचण वाटलं आणि नाथांना तेच ठिकाण वाटलं. पैठणच्या या माणसानं आपलं भागवत 1573 साली काशीतच पूर्ण केलं, म्हणजे काशीचं मोल त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा कमी नव्हतं.

आता पूर्वीची यात्रा कशी होती ते आठवा. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. रेल्वे नाही, पायी. वाटेत बंडाची धामधूम, झाशीचा वेढा, जिवावरचे प्रसंग. परत येताना गंगेची कावड आणली आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. "माझा प्रवास" म्हणून त्यांचं पुस्तक 1907 साली छापलं गेलं, मिळालं तर जरूर वाचा. तेव्हा काशीला निघालेला माणूस परत येईलच याचा भरवसा नसे. म्हणून निघताना लोक देणं-घेणं मिटवायचे, दारोदार जाऊन "काही चुकलं असेल तर पोटात घाला" म्हणायचे. आता आपण निघताना काय करतो? गॅसचा कॉक बंद केला का ते बघतो, आणि पॉवर बँक भरून घेतो.

या घरातला एक पुतण्या म्हणतो, मी विमानानं येईन, सकाळी निघालो की दुपारी काशीत. येऊ दे त्याला, सुट्टी मिळत नसेल पोराला. विमानात पाप नाही. मात्र गाडीत जे घडतं ते विमानात घडायला वेळच मिळत नाही. सिकंदराबादहून दानापूर एक्सप्रेस सकाळी निघते आणि मुगलसराईला, म्हणजे आताच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, दुसऱ्या दिवशी पोचते. पूर्ण एक दिवस, एक रात्र आणि वर काही तास. रामगुंडम सुटलं की मंचेरियालच्या अलीकडे गोदावरी. नांदेडकडून आलेल्या माणसांना ती माहेरची नदी. म्हातारी असेल तर खिडकीतून हात जोडणारच. बल्लारशाजवळ वर्धा. मग नागपूर, इटारसी, आणि रात्रीच्या अंधारात जबलपूरच्या अलीकडे नर्मदा. गंगा दिसण्याआधी इतक्या नद्या ओलांडायच्या. तोवर माणूस किती वेळ तोंड फिरवून बसेल?

शयनयानच्या एका कप्प्यात आठ जण. समोरासमोर तीन-तीन, बाजूला दोन. त्यातला मधला बर्थ मला फार शिकवतो. खालच्यांनी उठून जागा दिल्याशिवाय तो उघडता येत नाही. उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही, आणि मधल्यालाही नाही. म्हणून नियम केला, रात्री दहा ते सकाळी सहा. घरात मधला बर्थ म्हणजे कोण? चाळीस-पंचेचाळीसची सून. वर सासू-सासरे, खाली पोरं, आणि ही मध्ये, मान वाकवून. यात्रा ठरली की सगळ्यात आधी तीच उठते. पहाटे तीनपासून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि शेजारणीकडून शिकलेली पुलिहोरा. सव्वीस जणांचं दोन वेळचं. गाडीत बसल्यावर पुन्हा कागदी ताटल्या मांडणारी तीच. बाकीचे म्हणतात, "वा, प्रवासात जेवण काय लागतं!" तर माझी आज्ञा समजा : गाडीत वाढायचं काम पुरुषांनी करायचं. वाढणं झाल्यावर ताटल्या गोळा करून कचऱ्यातही त्यांनीच टाकायच्या, खिडकीबाहेर नाही.

आता दोघा भावांचं. नीट ऐका. घराचा विषय गाडीत काढायचा नाही. "चला, काशीला निघालोच आहोत तर मिटवून टाकू" असं एखादा मेव्हणा उत्साहानं म्हणेल. त्याला उस्मानिया बिस्किटं द्या आणि गप्प बसवा. वाटणी कागदावर होते, वकिलासमोर होते, शांत डोक्यानं होते. धावत्या गाडीत, अर्धवट झोपेत, बायका-पोरांसमोर ती होत नाही. नवीन भांडण मात्र होतं. मी तुम्हाला घर सोडा म्हणत नाही. ज्याचा हक्क आहे त्यानं तो मागावा. अबोला मात्र वेगळा. घराची वाटणी होईपर्यंत बोलायचं नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? वडील दोघांचे, आणि आई गेल्यावर दोघांना न्हाऊ-माखू घालणारी आत्याही दोघांची. तिची वाटणी कशी करणार?

काशी-गयेला गेलं की एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. लोक काय सोडतात? कारलं. जे कधी खाल्लंच नाही ते! एक बाई मला म्हणाल्या, मी शेपू सोडला. म्हटलं, माउली, शेपूनंच तुम्हाला सोडलं होतं. जे रोज चघळतो, ज्याची चव जिभेवरून जात नाही, ते सोडायचं असतं. दोन वर्षं तुम्ही दोघं काय चघळताय, ते तुम्हालाच ठाऊक.

म्हणाल, हे सगळं ठीक, पण करायचं काय? तिकिटापासून सुरुवात करा. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. सव्वीस जण म्हणजे चार तिकिटं सहा-सहाची आणि एक दोघांचं. तुम्ही काय करणार ते मला दिसतंय : मोठ्याची माणसं मोठ्याच्या तिकिटावर, धाकट्याची धाकट्याच्या, डबेही वेगळे पडले तर बरंच. तसं करू नका. नावं मिसळा. मोठ्याच्या तिकिटावर धाकट्याची पोरं घाला, धाकट्याच्या तिकिटावर वहिनी. पोरांना भूक लागली की त्यांचा काका आपोआप बोलेल, पोरांशी तरी बोलेलच.

उरलेलं दोघांचं तिकीट आत्यांचं. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा तिकिटावर एक किंवा दोनच नावं असतील आणि दोघंही ज्येष्ठ असतील तरच लागतो. सहाजणांच्या तिकिटात आत्यांना घातलंत तर वरचा बर्थही येऊ शकतो, मग त्यांना चढवणार कोण? चिठ्ठी लिहिणारा सेवेकरी मागच्या वर्षी साठीचा झाला. दुसरं नाव त्याचं. रात्री आत्यांना बाथरूमला न्यायला दोन माणसं लागतील, गाडी हलते. त्यातला एक तू. दुसरा कोण, ते तूच हाक मारून ठरव. पलीकडच्या कप्प्यात झोपलेला असेल.

काशीत घाटाच्या पायऱ्या आत्यांना उतरवणार नाहीत. नका उतरवू. वर खुर्चीवर बसवा, आणि दोघा भावांनी खाली जाऊन एक तांब्या भरून आणा. गोडसे भटजींनी कावड कोकणापर्यंत आणली, तुम्हाला फक्त पायऱ्या चढायच्या आहेत. अहिल्याबाईंनी 1780 साली बांधलेल्या विश्वेश्वराच्या देवळात नेताना चाकाची खुर्ची मिळते का, ते आधी चौकशी करून ठेवा.

आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. माघाचा दिवस ठरवलात की कॅलेंडरवर मागे मोजा. त्या सकाळी दोघांनी एकाच घरी, एकाच फोनसमोर बसायचं. सहा नंबरच्या स्टॉपजवळ धाकट्याचं घर आहे ना, तिथे बसा, मोठ्यानं जायचं. आत्यांच्या आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे का, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.

॥ जय गुरुदेव ॥