प्रहेलिका, करुण आणि परक्याची वही

चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने प्रहेलिकेला अलंकारांच्या पंक्तीत बसू दिले नाही. कोडे रसाच्या आड येते, हे त्याने दिलेले कारण. त्याच्या कितीतरी आधी दंडीने काव्यादर्शाच्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले होते. पण तिची जागा त्यानेही क्रीडागोष्ठीत, म्हणजे करमणुकीच्या बैठकीतच मानली होती. या भूमिकेमागचे निरीक्षण साधे आहे. कोडे सोडविणाऱ्याचे मन उत्तराकडे धावत असते आणि उत्तर हाती आले की कोड्याचे प्रयोजन संपते. रसास्वादात मात्र मन समोरच्या भावार्थापाशी रेंगाळते. त्याला पुढे कोठे पोहोचायचे नसते. मग एखाद्या कृतीचा विषय मृत्यू असेल आणि तिचा घाट मात्र कोड्याचा असेल, तर तेथे करुणाला वाव राहतो काय? हा प्रश्न केवळ रसव्यवस्थेचा नाही. दुसऱ्याचे मरण कोडे म्हणून हाती घ्यावे काय, असा एक नैतिक प्रश्न त्याच्या पोटात आहे.

या प्रश्नाची कसोटी पाहण्यास लुकास पोप या रचनाकाराचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हा व्हिडिओ गेम उपयोगी पडतो. तो २०१८ मध्ये संगणकासाठी आणि २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळता येणाऱ्या यंत्रासाठी निघाला. कथा १८०७ मधली आहे. चार वर्षांपूर्वी बेपत्ता ठरविलेले एक व्यापारी जहाज, वर जिवंत माणूस नसताना, इंग्लंडच्या फालमथ बंदराशी येऊन लागते. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक त्यावर चढतो. खेळणाऱ्याची भूमिका हीच. त्याच्यापाशी ६० माणसांची यादी आहे, त्यांची रेखाचित्रे आहेत, जहाजाचा नकाशा आहे, एक बरीचशी कोरी वही आहे आणि एक अद्भुत घड्याळ आहे. प्रेताजवळ ते घड्याळ उघडले की अंधारात मरणापूर्वीचे शब्द ऐकू येतात आणि मग मरणाचा क्षण गोठून समोर उभा राहतो. त्या क्षणात हिंडता येते, त्यात फरक करता येत नाही. प्रत्येकाविषयी वहीत लिहायचे ते एवढेच: हा कोण, याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले.

वरकरणी विश्वनाथाचा आक्षेप येथे पूर्णपणे लागू पडतो. माणूस मरतो आहे आणि खेळणारा त्याच्या पायातले बूट पाहतो आहे. परंतु अधिक बारकाईने पाहता एक वेगळी गोष्ट दिसते. दोनच रंगछटांत रेखलेल्या त्या दृश्यांत ओळख पटविण्यासाठी उच्चाराची ढब, झोळीवरचा क्रमांक, कोण कोणाच्या जवळ उभा आहे, अशा खुणा धुंडाळाव्या लागतात. एकाच्या मरणाच्या दृश्यात कोपऱ्यात उभा असलेला अनाम खलाशी पुढच्या दृश्यात स्वतः मरतो, तेव्हा तो आधीच परिचयाचा झालेला असतो. यादीत हिंदुस्थानचे खलाशीही आहेत. त्यांतले दोघे कथेच्या आरंभीच रोगाने दगावतात. नेहमीच्या सागरकथेत त्यांना नावही मिळाले नसते. येथे त्यांच्या नावावाचून वही पुरी होत नाही. म्हणजे कोड्याने मनाला घाई लावली हे खरे, पण जेथे एरवी ते थांबलेही नसते तेथे त्यानेच त्याला थांबविले. अवधान ही करुणाची पूर्वअट मानली, तर प्रहेलिका येथे रसाच्या आड येत नाही. त्याच्या दारापर्यंत ती सोबत करते.

दारापर्यंत, पण आत नाही. हे उमगण्यासाठी खेळ एका विशिष्ट जागी ठेवून पाहावा लागतो. हे यंत्र प्रवासात सोबत नेता येते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या लाँचमध्ये बसून कोणी हा खेळ खेळत आहे, अशी कल्पना करावी. धरमतर खाडीच्या मुखाशी असलेल्या रेवस बंदराकडे याच वाटेने १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट निघाली होती. दिवस आषाढ अमावास्येचा. सणासाठी घरी परतणारे पुष्कळजण तीत होते. काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात ती कलंडली आणि बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला वार्ता कळली ती उशिरा, वाचलेल्या माणसांकडून. रेवसकडच्या कोळ्यांच्या मचव्यांनी काहींना पाण्यातून वर काढले. सहाशेहून अधिक माणसे गेली. नेमकी किती, याविषयी निरनिराळे आकडे दिले जातात; बोटीत किती होती, याविषयीही एकवाक्यता नाही.

निरीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर हे ओब्रा डिनपेक्षा दसपट मोठे कोडे आहे, आणि ते सोडवील असे घड्याळ कोणापाशी नाही. पण हे कोडे कोणाचे? ज्या घरात त्या रात्री माणूस परतले नाही, त्या घराला कोण गेले हे शोधून काढावे लागले नाही. त्याला नाव ठाऊक होते, चाल ठाऊक होती, बाजारहाट करून काय आणणार हेही ठाऊक होते. संख्या अनिश्चित आहे ती वहीपुरती. त्या दारापाशी ती एक अशी निश्चितच होती. मृत्यू कोडे होतो तो परक्याला. आप्ताला तो कोडे नसतो. त्याला फार तर ‘हे का घडले?’ असा प्रश्न पडतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही यादीत नसते.

ओब्रा डिनची खरी सचोटी येथे आहे की, त्याने खेळणाऱ्याला आप्ताची भूमिका दिली नाही. तो विमा-निरीक्षकच राहतो. अखेरीस त्याच्या वहीवरून कंपनी कोणाच्या वारसांना भरपाई द्यायची आणि कोणाला दंड करायचा हे ठरविते. साऱ्या शोधाचे पर्यवसान जमाखर्चात होते. ज्या कंपनीच्या दप्तराने हिंदुस्थानच्या भूमीची आणि माणसांची मोजदाद केली, तिच्याच नोकराच्या डोळ्यांनी हिंदुस्थानी खलाशाचा चेहरा न्याहाळताना या दृष्टीची मर्यादा मराठी वाचकाला विशेष जाणवावी. आपण करुणा अनुभवत आहोत की नोंद करीत आहोत, ही शंका खेळ मिटू देत नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, ओब्रा डिन कल्पित आहे, त्यात समुद्रातले राक्षसही आहेत, तेव्हा त्याची रामदासशी तुलना अनुचित होय. दोन घटनांची तुलना केली असती तर आक्षेप मान्य करावा लागला असता. येथे तुलना आहे ती जाणून घेण्याच्या दोन रीतींची, आणि खेळाच्या एका नियमात ती स्पष्ट होते. तीन माणसांच्या नोंदी बरोबर आल्या की त्या एकदम पक्क्या होतात. अंदाजाला आळा घालावा हा त्यातील हेतू. पण दोन नोंदींची खात्री असेल तर तिसरी नावे बदलून बदलून जुळविता येते. उत्तर बरोबर ठरते आणि माणूस अनोळखीच राहतो. खेळात या लबाडीची शिक्षा नाही. म्हणूनच ती नैतिक कसोटी आहे: ज्याला आपण पाहिलेच नाही त्याच्यापुढे नाव लिहून मोकळे व्हायचे की जागा कोरी ठेवून पुन्हा पाहायला जायचे, हे खेळणाऱ्याच्या एकट्याच्या विवेकावर राहते.

काशाच्या खडकाविषयी लिहिताना हाच विवेक लागतो. खेळाचे उत्तर रचनाकाराने आधीच ठेवलेले आहे, म्हणून तेथे धीर धरणाऱ्याला ते मिळते. इतिहासात अशी हमी नसते. न जुळणाऱ्या आकड्यांपैकी सोयीचा एक उचलून वाक्य गोळीबंद करणे ही तिसरी नोंद अंदाजाने जुळविण्यासारखीच गोष्ट आहे.

विश्वनाथाचा निर्णय तेव्हा सर्वस्वी फिरविण्याचे कारण नाही; त्याला एक पुरवणी मात्र जोडावी लागते. उत्तर हेच साध्य मानणारी प्रहेलिका रसाला बाधक होते. परक्याला अनोळखी माणसाकडे दुसऱ्यांदा पाहायला लावणारी प्रहेलिका करुणाला साधक होऊ शकते, परंतु करुणाची जागा ती घेऊ शकत नाही. वही पुरी झाली म्हणजे शोक कळला असे होत नाही. लाँच रेवसच्या जेटीला लागताना खेळणारा यंत्र बंद करील, तेव्हा त्याच्या पडद्यावरचे ६० जण नावानिशी पक्के झालेले असतील. मागे राहिलेल्या पाण्यातली माणसे मात्र त्याला परकीच असतील. आणि ती परकी आहेत एवढे कळणे, हेही खेळातून घेऊन जाण्याजोगे थोडके ज्ञान नव्हे.