एलीचे घर व लोईसेचे घर
(१ शमुवेल २:२२–२९, २ तीमथ्य १:५)

आपली लेकरे देवाच्या मार्गात कशी वाढवावी, हा प्रश्न आमच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. शास्त्रातील दोन घरे शेजारी ठेवून आपण त्याचे उत्तर पाहू.

पहिले घर एलीचे. तो शिलो येथे याजक होता व ४० वर्षे इस्राएलाचा न्यायाधीश होता. परमेश्वराचे मंदिर त्याच्या दाराशी होते. तरी त्याचे पुत्र हफनी व फिनहास लोकांच्या अर्पणावर जबरीने हात टाकीत. एलीने त्यांस शब्दांनी दोष दिला, पण आवरले नाही. उलट त्याच अर्पणावर तोही पुष्ट झाला, असा ठपका देवाने त्याजवर ठेवला.

दुसरे घर लुस्त्र नगरातील. बाप हेल्लेणी, आई युनीके व आजी लोईस यांच्या ठायी मात्र विश्वास होता. त्या घरात कोणी याजक नव्हता, तरी तीमथ्यास बाळपणापासून पवित्र शास्त्र ठाऊक झाले. त्याच्यातील विश्वासाला पौल 'निष्कपट' म्हणतो, आणि तो आधी आजीत व आईत वसत होता, असे सांगतो.

यावरून काय दिसते? वचने उपदेशक पाठ करून देईल. निष्कपटपणा मात्र मूल घरीच पाहते. आम्ही प्रभुभोजनाच्या मेजाशी सर्वांसह एका भाकरीचे वाटेकरी होतो, आणि घरी येऊन सोयरीक जुळविताना हळूच जुनी जात विचारतो. कोपऱ्यात बसलेले लेकरू ते ऐकते. त्या दिवशी शब्बाथशाळेचा कोणता धडा त्याच्या मनात टिकेल? एलीच्या अर्पणाचा वास तो हाच नव्हे काय?

म्हणून रात्री जेवणापूर्वी घटकाभर सर्वांनी एकत्र बसावे. आईबापांस अक्षरओळख नसेल तर मुलाने वाचावे व त्यांनी ऐकावे. वाचता येत नाही ही सबब देवापुढे चालणार नाही. दिवसा बापाने रागाच्या भरात अन्याय केला असेल, तर प्रार्थनेपूर्वी त्याने लेकराजवळ क्षमा मागावी. त्याने बापाचा मान घटत नाही. क्षमा म्हणजे काय हे लेकरू तेथेच शिकते.

आमच्या प्रत्येक झोपडीत एक लोईस असो, आणि तिचा विश्वास नातवंडांपर्यंत पोहोचो. आमेन.