तात्पर्याची घाई

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात, सुमारे 400 साली, शाळेतल्या एका पापाची कबुली दिली आहे. व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या दीदोच्या मरणावर तो रडला होता. देवापासून दुरावलेल्या स्वतःच्या जिवासाठी मात्र त्याने टिपूस गाळले नव्हते. साहित्य शिकवणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकाला हा परिच्छेद बोचतो. गंमत अशी की, ऑगस्टीन जे लिहितो ते व्हर्जिल पचवल्याशिवाय त्याला लिहिता आलेच नसते. त्याच्याच शतकात कैसरियाच्या बेसिलने तरुणांना ग्रीक कवी खुशाल वाचायला सांगितले होते: मधमाशी प्रत्येक फुलावर बसत नाही, आणि बसते तिथलेही सगळे नेत नाही. सल्ला शहाणा आहे, तरी मला तो पुरत नाही. त्यात कवी नुसता उपयोगाचा ठरतो.

ख्रिस्ती माणसाने परक्या धर्माचे काव्य वाचावे का, हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला. 1579 साली गोव्यात उतरलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. जुनी पुराणे बंद झाली, आता आम्ही वाचायचे काय, हा नवख्रिस्ती लोकांचा रोकडा सवाल त्या ग्रंथातच आहे. स्टीफन्सने उत्तर दिले ते सुमारे अकरा हजार ओव्यांत. धर्म बदलला तरी कानात बसलेली चाल जात नाही, हे त्याला कळले होते. पोर्तुगीज सत्तेला ते उमजले नाही. 1684 च्या फर्मानाने तिने स्थानिक भाषेवरच घाला घातला.

आजच्या मिशन शाळेत नववी-दहावीच्या बाकांवर सगळ्या धर्मांची मुले बसतात. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलांना धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचे 28 वे कलम सांगते, आणि ते योग्यच आहे. तेव्हा ज्ञानेश्वरांच्या ओवीत ओढूनताणून येशू शोधायला नको. तो उद्योग मला रसिकतेच्या अंगानेही हिणकस वाटतो. मग ख्रिस्ती दृष्टी उरते कुठे? माझ्या मते ती वाचण्याच्या रीतीत उरते, आणि ती रीत येशूच्या दाखल्यांतच आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला घ्या. धाकटा परत येतो, मेजवानी सुरू होते, थोरला रागावून बाहेरच थांबतो, बाप त्याची समजूत काढायला येतो. गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला का? येशू सांगत नाही. ऐकणारे कर्मठ परूशी थोरल्याच्याच जागी उभे होते. उत्तर त्यांनी द्यायचे होते. आमची कृतिपत्रिका मात्र लगेच मध्यवर्ती कल्पना विचारते, आणि गाइडमध्ये ती दोन ओळींत तयार असते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली आणि राजा खवळल्यावर, तो माणूस तूच, असे तोंडावर सुनावले, हे खरे. पण समोर राजा होता. पंधरा वर्षांच्या पोराकडे असे बोट रोखण्याचा अधिकार मराठीच्या शिक्षकाला कुणी दिलेला नाही.

म्हणूनच बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857) वर्गात वाचताना मी अडखळतो. विधवांची दुःखे त्यात पोटतिडकीने आली आहेत, आणि त्या काळी ती मांडायला छाती लागत होती. पण लेखकाला उत्तर आधीच ठाऊक आहे, पात्रांना हाताला धरून त्या उत्तराकडे नेले जाते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच्या अगदी उलट. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 सालचा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षे हे पुस्तकाचे काळीज. नवरा जिवंत, पण सोवळ्याच्या पलीकडे गेलेला. आणि सांगणारी बाई स्वतःचीच थट्टा करत सांगते. ख्रिस्ती शिक्षकाला मोह होतो तो 1900 कडे धावण्याचा, शेवट कसा गोड झाला ते दाखवण्याचा. पण मागे राहिलेल्या बाईचे हाल पुढच्या सुखाने पुसले जात नाहीत. रविवारी थडगे रिकामे सापडणार हे ठाऊक असूनही चर्च गुड फ्रायडेचा शोक पाळतेच. मग आपल्याला इथे कसली घाई? एखाद्या मुलीने स्वमतात टिळकांना बोल लावला, तर तिचे गुण कापायचे कारण नाही.

खुद्द टिळकांनी मागचे काही तोडून टाकले नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत, आणि ख्रिस्ती झाल्यावरही अभंग रचत राहिले. मराठी मंडळ्या त्यांची भजने उपासनेत आजही गातात. तरी तुकारामांचा अभंग शिकवताना मी त्याला ख्रिस्ताची पूर्वतयारी करत नाही. तुकारामांचे भांडण विठ्ठलाशी होते, आणि ते विठ्ठलाशीच होते म्हणून ऐकावे लागते. टिळकांनी ते तसे ऐकले होते. म्हणून त्यांचे अभंग भाषांतरित स्तोत्रांसारखे खडखडत नाहीत.