अल्पवयीनाचा अपराध कोणाचा?

महाभारताच्या आदिपर्वात माण्डव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लुटीचे धन त्यांच्या आश्रमात लपविले. मौनव्रतामुळे ऋषी काही बोलले नाहीत, आणि राजपुरुषांनी चोरांबरोबर त्यांनाही शूलावर चढविले. हे कोणत्या पापाचे फळ, असे त्यांनी पुढे धर्मराजास विचारले. बालपणी एका किड्याच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड! ऋषींनी प्रत्यक्ष धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला आणि मर्यादा घातली की, वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत केलेल्या कर्माचे पातक लागणार नाही.

आजची भारतीय न्याय संहिताही ७ वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध मानीत नाही, आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलाबाबत त्याची समज पाहते. परंतु मुलाला पातक लागत नाही म्हणून किड्याची वेदना नाहीशी होत नाही. तिचे उत्तरदायित्व मग कोणाकडे जाते?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले कलम १९९-अ याचे उत्तर देते. अल्पवयीनाने वाहनाने अपराध केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड. ज्याचे त्याचे कर्म ज्याला त्याला भोगावे लागते, असे मानणाऱ्या गृहस्थाला येथे शंका येईल की, पुत्राचे कर्म पित्याच्या माथी का? परंतु कायदा पित्याला त्याच्याच कर्मासाठी धरतो. अपराध नकळत घडला, किंवा तो टळावा म्हणून सर्व योग्य दक्षता घेतली होती, असे सिद्ध केल्यास तो सुटतो. म्हणजे प्रश्न उरतो तो खुंटीवर लोंबणाऱ्या किल्लीचा.

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत संगणकावरील खेळांची बंदी केली आणि भार खेळ चालविणाऱ्या कंपन्यांवर टाकला. मुले आईबापांच्या नावाने आत शिरू लागली. २०२२ च्या आरंभी तो कायदा संपला. घरातली राखण दूरच्या कंपनीकडून होईल, ही अपेक्षाच भाबडी होती.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये निराळी वाट धरली. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. पण मालिका अर्ध्यावर सोडावी लागली ती मोठ्यांना. ज्या घरी त्या वेळी पडदा उजळलेला असेल, तेथे मुलाने पुस्तक मिटले तर नियम मोडला कोणी? मुलाने नव्हे, असेच म्हणावे लागेल. श्रेष्ठ जसे वागतात तसे इतर वागतात, हे तिसऱ्या अध्यायातील सांगणे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते ते असे.

माण्डव्यांच्या शापाने धर्म जन्मला तो विदुर होऊन. बालकाला अकारण दंड करणाऱ्या त्या न्यायाधीशाच्या वाट्याला पुढे एका पित्याला सावध करीत राहण्याचे काम आले. दुर्योधन मोठा झाला तेव्हा तो आपल्या कर्माचा धनी झालाच. पण धृतराष्ट्राला ‘नकळत घडले’ असे म्हणण्याची सोय नव्हती. द्यूताच्या आधीच विदुराने त्याला सर्व सांगितले होते.