पोट भरलेल्यांची पंगत

‘शून्य रुपयांत एक दिवस’ छापाचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. पाठीवर सॅक, एकट्यानं भटकंती आणि शेवटी स्क्रीनवर हिशोब : जेवण फुकट, झोपणं फुकट, एकूण खर्च शून्य. अशा यादीत नांदेड हमखास सापडतं, कारण तिथं लंगरमध्ये कुणालाही पोटभर जेवता येतं. मला प्रश्न पडतो तो असा, की ज्याच्या खिशात जेवणाचे पैसे आहेत त्यानं तिथं बसावं का? आपण कुणाचा तरी घास खातो का?

आमच्या लातूरकडं अशा माणसाला सरळ फुकट्या म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी एकटीच नांदेडला गेले. (काम काहीच नव्हतं, आणि नेमकं हेच घरी पटवायला आठवडा गेला.) सकाळची एसटी, अहमदपूर, लोहा करत. कंडक्टरनं अर्धं तिकीट दिलं. २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. म्हणजे माझ्या ‘सोलो’ सहलीचा निम्मा खर्च लातूर सोडायच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी उचलला होता.

गोदाकाठचं जुनं नांदेड पायीच बघावं. बंदाघाटावर मी बराच वेळ बसले. माधोदास नावाचा एक बैरागी राजौरीकडून भटकत या शहरात येऊन राहिला होता. १७०८ साली बादशहा बहादूरशहाबरोबर दख्खनेत आलेले गुरू गोविंदसिंग त्याला इथं भेटले, आणि तोच बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबात गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुरूंनी नांदेडलाच देह ठेवला. तिथली सचखंड हुजूर साहिबची वास्तू १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. मुलूख निजामाचा, पुढाकार लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांचा. या गावात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे ठरवणं तेव्हापासूनच अवघड असावं.

दुपारी डोक्याला रुमाल बांधून लंगरमध्ये बसले. खाली पट्ट्या, समोर स्टीलचं ताट, पोळी घ्यायला दोन्ही हात पुढं. माझ्या एका बाजूला सचखंड एक्सप्रेसनं आलेलं पंजाबी कुटुंब होतं. दुसऱ्या बाजूला एक म्हातारे बाबा, मान खाली घालून भरभर जेवणारे. ते यात्रेकरू होते की रोज इथंच जेवणारे, ते कळत नव्हतं. वाढणारा मुलगा तर आमच्या तोंडाकडं बघतही नव्हता, हातांकडं बघत पुढं सरकत होता.

तिथं बसल्यावर मला वाटलं, प्रश्नच उलटा धरला पाहिजे. रेशनच्या दुकानात गरज नसलेल्यानं धान्य उचललं तर दुसऱ्याचा वाटा जातो. तिथं वाटा मोजलेला असतो. पण लंगरमध्ये फक्त उपाशी माणसंच बसायला लागली तर ते अन्नछत्र होईल, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ‘गरजू’ लिहिलं जाईल. त्या बाबांना भीक मागितल्यासारखं न वाटता जेवता येतं, कारण शेजारी पोट भरलेली माणसंही बसलेली असतात. माझ्या बसण्यानं त्यांचा घास कमी होत नाही, उलट त्यांची मान राखली जाते. इंग्लंडमध्ये विंचेस्टर नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या सेंट क्रॉस या बाराव्या शतकातल्या धर्मशाळेत आजही वाटसरूला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते. फक्त ती मागावी लागते. हौसेखातर मागणारे पर्यटक आहेत म्हणून तिथं खऱ्या भुकेल्यालाही मागताना तेवढं अवघड वाटत नसेल.

मग व्हिडिओतला तो शून्य मला का खुपतो? जेवण्यानं नाही, मोजण्यानं. ‘वाचवले’ या शब्दात पीठ मळणारे, भांडी घासणारे हात गायब होतात. दानपेटीत शंभराची नोट टाकणंही मला पूर्ण उत्तर वाटत नाही. मी टाकली, पण थाळीची किंमत म्हणून टाकली असती तर ते बिल चुकतं करून मोकळं होणंच झालं असतं.

जेवणानंतर लसूण सोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. एक सरदारनी काकू खणखणीत मराठवाडी मराठीत बोलत होत्या.

“कुठली गं तू?”

“लातूरची.”

“एकटीच आलीस? बरं केलंस. पाणी येतंय का आता तुमच्याकडं?”

सगळ्या हसल्या, मीही हसले. लातूर म्हटलं की हा प्रश्न ठरलेलाच. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा मी शाळेत होते. ते पाणी आम्ही प्यालो, त्यानं भांडी घासली. मिरजकरांना ते परत कुणी केलं नाही, करता येण्यासारखंही नव्हतं. आणि लातुरात कुणी ‘पाणी फुकटात पडलं’ असं म्हटल्याचंही मला आठवत नाही.

काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग मिरजेला जाऊन आलीस का कधी?”

अजून गेलेले नाही. गेले तरी तिथं कुणाला काय सांगायचं, हे ठरत नाही. स्टेशनवर उतरून एखाद्या अनोळखी माणसाला, तुमचं पाणी प्यालेय, असं कसं म्हणणार?