सायंकाळचा पेला

दिवसभराच्या कष्टानें व काळजीनें शिणलेला मनुष्य घरीं येतो, पायांवर पाणी घेतो आणि भिंतीस पाठ टेकून म्हणतो, "जरा चहा टाक." ज्यांच्या घरीं थोडी सोय आहे ते, डोकें फारच जड झालें असतां किंवा पाहुणा आला असतां, कॉफी करवितात. पेला हातीं येतो, पहिला घोट पोटांत जातो, आणि सकाळपासून मानेवर बसलेलें ओझें कोणी उतरून घेतलें असें त्याला वाटतें. हें सुख इतकें सर्वांच्या परिचयाचें आहे कीं त्याविषयीं विचार करावा असें कोणास सुचत नाहीं. आमच्या मंडळ्यांतील कित्येक वडील माणसें ह्या संवयीस व्यसन म्हणून नांवें ठेवतात, आणि तरुण त्यांस हंसतात. दोघेही घाई करतात असें आम्हांस वाटतें. शिणलेल्या मनुष्यानें एका पेल्यापाशीं विसांवा शोधावा हें योग्य कीं अयोग्य, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. कारण विसांवा म्हणजे काय, आणि तो कोणाच्या जिवावर मिळतो, हे दोन मोठे प्रश्न त्याच्या पोटांत आहेत.

प्रथम शरीराकडे पाहूं. चहा व कॉफी ह्या दोहोंतही कॅफीन नांवाचें एकच द्रव्य आहे. रुंगे नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं तें कॉफीच्या बियांतून वेगळें काढलें. मनुष्य जागा राहून काम करीत असतां त्याच्या मेंदूंत अ‍ॅडिनोसीन नांवाचें दुसरें एक द्रव्य सांचत जातें, आणि तें तेथील ठराविक जागीं जाऊन बसलें म्हणजे थकवा व झोंप येऊं लागते. कॅफीन त्या जागा आधींच अडवून बसतें. अ‍ॅडिनोसीन नाहींसें होत नाहीं. तें दाराबाहेर उभें राहतें. म्हणजे पेल्यानें थकवा जात नाहीं, त्याची वर्दी तेवढी थांबते. सावकाराचा माणूस दारीं आला असतां मुलाकडून "बाबा घरीं नाहींत" असें सांगविलें म्हणजे कर्ज फिटतें काय? तो पुनः येतो, आणि व्याजासह येतो.

कॅफीनाचा अर्धा अंश शरीरांतून निघून जावयास सरासरीनें पांच तास लागतात. सायंकाळीं सहाला घेतलेल्या कॉफीचा निम्मा अंश रात्रीं अकरालाही अंगांत असतो. कित्येकांची झोंप त्यामुळें उथळ होते. ते दुसऱ्या दिवशीं अधिक शिणलेले उठतात, आणि सायंकाळीं पेल्याची गरज त्यांस अधिक भासते. शिवाय रोज पिणाऱ्यास एखादे दिवशीं पेला मिळाला नाहीं तर डोकें दुखूं लागतें, व पेला मिळाला म्हणजे राहतें. तो म्हणतो, "पाहा, चहा किती गुणकारी!" पण जें दुखणें चहाच्या संवयीनें आणलें तें चहानें गेलें, ह्यांत उपकार कोणता?

महात्मा गांधींनीं १९४२ सालीं पुण्यास आगाखान महालांत कैदेंत असतां आरोग्याविषयीं एक लहान पुस्तक लिहावयास घेतलें. त्यांत चहा, कॉफी व कोको ह्यांची शरीरास गरज नाहीं असें मत त्यांनीं दिलें आहे. शरीरापुरतें पाहिलें तर तें खोडून काढणें कठीण. तरी विषाची भाषा आम्ही करणार नाहीं. निरोगी प्रौढ मनुष्यास दिवसाकांठीं चारशें मिलिग्रॅमपर्यंत, व गर्भवती स्त्रीस दोनशेंपर्यंत, कॅफीन सहसा बाधत नाहीं असें आजचे वैद्य मानतात. आपल्या लहान कपांतले दोनतीन चहा ह्याच्या पुष्कळ खालीं राहतात. आणि गुत्त्याकडे वळणारें पाऊल ज्या घरांत चहाच्या पेल्यापाशीं थांबतें, त्या घरच्या मुलांस विचारावें कीं हा पेला वाईट आहे काय.

कॉफीचा इतिहासही मोठा चमत्कारिक आहे. ज्यांस जुने लोक बुंददाणे म्हणत त्या कॉफीच्या बिया मूळ हबसाणांतल्या, म्हणजे आजच्या इथिओपियांतल्या. पंधराव्या शतकांत येमेन देशांतील सूफी साधक रात्रींच्या नामस्मरणांत डोळा लागूं नये म्हणून कॉफी पीत. १५११ सालीं मक्केच्या अधिकाऱ्यानें तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाहीं. पुढें बाबा बुदन नांवाच्या फकिरानें सात बिया आणून म्हैसूर प्रांतांतील चिकमगळूरच्या डोंगरांत लाविल्या अशी परंपरेची गोष्ट आहे. त्या डोंगरास आजही त्याचेंच नांव आहे. तेव्हां जें पेय जागें राहण्यासाठीं योजिलें होतें तेंच आपण विश्रांतीसाठीं घेतों. आमच्या कित्येक घरांतून तर कॉफींत जायफळ किसून घालतात, आणि जायफळानें झोंप येते अशी समजूत आहे. म्हणजे एकाच पेल्यांत एक बैल पुढें ओढतो व दुसरा मागें! तरी ती कॉफी गोड लागते, हें कबूल केलें पाहिजे.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. कॅफीन रक्तांत पुरतें पोंचावयास अर्धा ते एक तास लागतो. पण विसांवा तर पहिल्या घोटासच वाटतो. मग तो सर्वस्वीं कॅफीनाचा कसा म्हणावा? कांहीं अंशीं तो साखरेचा व उबेचा असेल, कांहीं अंशीं संवयीचा. परंतु तोच चहा, तितक्याच साखरेचा, एस्टीच्या स्थानकावर गाडी सुटावयाच्या घाईंत उभ्यानें प्यालें तर जीभ भाजते, जीव निवत नाहीं. घरच्या पेल्यांत जें असतें तें त्यांत नसतें. घरच्या पेल्याचा अर्थ असा कीं दिवसाचें काम संपलें, आतां बसावयास हरकत नाहीं, आणि कोणी तरी आपली वाट पाहत होतें, तें विचारीत आहे, "आज फार उशीर झाला?" दिवसभर ज्या मनुष्यास मुकादमानें, साहेबानें किंवा बँकेच्या हप्त्यानें नुसतें हांकलें, त्याच्यापुढें कोणी आदरानें कांहीं ठेवतें. शिणलेल्या जिवास जें हवें असतें तें हें होय.

पेल्यापेक्षां पेला देणारा हात मोठा, हें आमच्या लोकांस निराळें सांगावयास नको. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनांत व्याख्यानासाठीं जमलेल्या शहरांतील प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ति रानडे होते. पुढें हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, सारें शहर ढवळून निघालें, आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलें. त्या वेळीं चहाच्या पानांस किंवा साखरेस कोणीं दोष दिला नाहीं. दोष होता तो ज्या हातानें चहा दिला त्या हाताचा. आणि आमच्या आज्यापणज्यांचा अनुभव ह्याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. गांवच्या हॉटेलांत त्यांच्यासाठीं वेगळा पेला बाहेर वळचणीस ठेवलेला असे. तो आपण काढून घ्यावयाचा, खालीं धरावयाचा, वरून चहा ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर आपणच विसळून पुनः जागेवर ठेवावयाचा. चहा तोच, पैसाही तोच. दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत राबून आलेल्या मनुष्याचा शीण त्या पेल्यानें उतरत असेल काय? आम्हांस वाटतें, तो वाढतच असेल. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नष्ट केली व दुकानें आणि उपाहारगृहें सर्वांस मोकळीं केलीं. १९५५ सालीं त्यासाठीं शिक्षेचा कायदाही झाला. तरी वळचणीचा पेला सर्व गांवांतून एका दिवसांत गेला नाहीं, हें वृद्ध वाचक जाणतात.

ह्या गोष्टी आम्ही जुनें दुःख उगाळण्यासाठीं लिहीत नाहीं. ज्या घराण्यांनीं तो पेला पाहिला, त्यांच्याच घरांत आज कोणता पेला कोणास मिळतो, हें आम्हांस पाहावयाचें आहे.

नवरा खुरपणीहून किंवा ऊंसतोडीहून आला, तशी बायकोही आली. ती त्याच बांधावरून आली. तिच्या डोक्यावर गवताचा भारा तेवढा अधिक होता. तो ओट्यावर बसला. तिनें भारा टाकला, हात धुतले, आणि ती सरळ चुलीपाशीं गेली. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरीं गॅसची शेगडी आली, धूर कमी झाला, ही मोठी चांगली गोष्ट. पण उठावयाचें कोणीं, हा प्रश्न शेगडीनें सोडविला नाहीं. पहिला पेला धन्यास, दुसरा सासऱ्यास, तिसरा कोणी आलेंगेलें असेल त्यास. तिच्या वांट्यास काय येतें? भांड्याच्या बुडाशीं उरलेला गाळ, किंवा त्याच पुडीवर पुनः पाणी घालून उकळलेला कोरा चहा. तोही ती उभ्यानें, एका हातानें पीठ काढीत पिते. पुष्कळ बाया तर चहा घेतात तो भूक मारण्यासाठीं. जेवणाबरोबर किंवा जेवणामागून लगेच घेतलेला चहा अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं, आणि लोहाची उणीव असते ती बहुतकरून ह्याच बायांत. तेव्हां एकाच्या विसांव्याचें देणें घरांतील दुसरें माणूस आपल्या रक्तांतून फेडीत आहे, असें म्हटलें तर फार झालें काय?

कोणी म्हणेल, तिला ह्यांतच आनंद वाटतो. वाटतही असेल, प्रेमानें केलेल्या कामांत आनंद असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्यास दिवसांतून एकदांही "तूं बस, मी आणतों" असें कोणीं म्हटलें नाहीं, त्याच्या आनंदाची खात्री इतरांनीं कशी द्यावी?

येथें आमच्या प्रचारक बंधूंस एक गोष्ट विशेषेंकरून सांगावीशी वाटते. आपण एका वस्तींत चार घरीं जातों, आणि चारही घरीं चहा होतो. पाहुण्यास दुधाचा चहा व घरच्यांस कोरा, अशी गरिबांच्या घरची रीत आहे. तें दूध पुष्कळदां लहान मुलासाठीं ठेवलेलें असतें, आणि साखर मागच्या दारानें शेजारणीकडून उसनी आणलेली असते. "नको" म्हणावें तर घरच्या माणसांचा अपमान होतो. वळचणीचा पेला ज्यांनीं पाहिला त्यांच्या हातचा पेला तर आपण कधींही नाकारूं नये. आम्हीं "आम्हांस कोराच आवडतो" असें म्हणून पाहिलें आहे. घरची बाई प्रथम संशयानें पाहते, मग तिचें तोंड जरा हलकें होतें. हें म्हणणें सर्वस्वीं सत्य आहे काय असें कोणी काटेकोर वाचक विचारील, तर इतक्या वर्षांच्या संवयीनें तें आतां सत्य झालें आहे, एवढेंच आम्ही सांगूं शकतों.

घरांतल्या पेल्याविषयीं मात्र युक्ति चालत नाहीं. दोघें मिळून शेतांतून आलीं, तर एके दिवशीं त्यानें उठावें व तिनें बसावें. शेजारी हंसतील. चार दिवस हंसतील, आणि आई जवळ असली तर तीही बोलेल. याहून मोठी अडचण निराळीच आहे. ज्या घरांत वीस वर्षें दोन वेळां चहा होतो, त्या घराच्या धन्यास साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हें पुष्कळदां ठाऊक नसतें. तो पुडी सांडील, दूध उतूं घालवील, आणि ती "राहूं द्या, मी करतें" म्हणून उठूं लागेल. तिला उठूं देऊं नये. पहिल्या दिवशीं चहा बहुधा पाणचट होईल.