स्वभावाची चाळणी

कोठडीत एखाद्याचा मृत्यू होतो, किंवा हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर काठी चालवणाऱ्या शिपायाचे चित्रण मोबाइलवरून गावभर फिरते. मग चार दिवस चर्चा होते आणि तिच्यात एक सूचना हमखास पुढे येते : भरतीच्या वेळीच स्वभावाची चाचणी घ्या, तापट आणि क्रूर मुले दारातच अडवा. वरवर पाहता सूचना बिनतोड आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हायचे तर मुलांना 1600 मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो, मग अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि मराठी व्याकरण यांची 100 गुणांची लेखी परीक्षा द्यावी लागते. छातीचे माप घेतले जाते, रागाचे नाही. तरीही ज्या कामासाठी ही चाचणी मागितली जाते ते काम तिच्याने होणार नाही, असे मला वाटते. त्यासाठी अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण पोलीस निवडताना मानसशास्त्राचा आधार घेण्याचा प्रयोग तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

सुरुवात बुद्धीपासून झाली. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुई टर्मन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात पोलीस आणि अग्निशमन दलाच्या 30 उमेदवारांची बुद्धिमापन चाचणी घेतली आणि 1917 मध्ये निष्कर्ष छापले. पुढे बुद्धीबरोबर स्वभावही मोजला जाऊ लागला. मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी तयार केलेली ‘मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी’, म्हणजे एमएमपीआय, 1943 मध्ये प्रसिद्ध झाली. ती मुळात मनोरुग्णांच्या निदानासाठी होती. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 1950 च्या दशकातच ती भरतीसाठी उचलली. 1967 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने उमेदवारांच्या मानसिक तपासणीची शिफारस केली आणि हळूहळू मोठ्या शहरांत ती नित्याची झाली.

ही चाचणी कशी घडली ते थोडे बारकाईने पाहायला हवे. तिच्यात शेकडो विधाने असतात आणि प्रत्येकापुढे ‘खरे’ किंवा ‘खोटे’ अशी खूण करायची असते. ही विधाने कुठल्या सिद्धांतावरून निवडलेली नव्हती. रुग्णालयातले मनोरुग्ण एखाद्या विधानाला काय उत्तर देतात आणि त्यांना भेटायला आलेले नातेवाईक काय देतात, हे ताडून पाहिले गेले. दोन्हींत फरक पडला की विधान कामाचे. म्हणजे ‘सर्वसामान्य माणूस’ म्हणून जो मापदंड ठरला, तो मिनेसोटातला बेताचे शिकलेला गोरा नातेवाईक. 1989 मध्ये चाचणी सुधारली तेव्हा हा नमुना बदलावा लागला. मूळ चाचणीत दुष्ट आत्मे आपला ताबा घेतात अशा अर्थाचे एक विधान होते. तिथल्या रुग्णालयात त्याला ‘खरे’ म्हणणारा माणूस चिंतेचा विषय ठरत असेल. पण ज्याच्या घरी नवरात्रात आजीच्या अंगात येते आणि सारी भावकी ओटी घेऊन समोर बसते, त्या बीडच्या किंवा सिंधुदुर्गाच्या मुलाने या विधानापुढे कुठली खूण करावी? विधान मराठीत आणले तरी त्यामागचे ‘सर्वसामान्य’ मराठी होत नाही. ते नव्याने आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून शोधावे लागते.

दुसरी अडचण उमेदवाराच्या हुशारीची. नोकरीसाठी आलेला माणूस ‘मला कधी कधी फार राग येतो’ याला ‘खरे’ कशाला म्हणेल? चाचणी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी तिच्यात खोटेपणा पकडणाऱ्या मापनपट्ट्या घातल्या : माणूस म्हटला की जे लहानसहान दोष असायचेच, तेही जो नाकारतो तो पकडला जातो. गंमत अशी की पोलीस दलाचे उमेदवार या मापनपट्ट्यांवर एक गट म्हणून सर्वसामान्यांपेक्षा वरच दिसतात. त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी प्रमाणे लावावी लागतात, म्हणजे थोडी लपवाछपवी गृहीतच धरावी लागते. आपल्याकडे भरतीच्या अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत. अशी चाचणी लागू झाली की सहा महिन्यांत ‘व्यक्तिमत्त्व चाचणी : हमखास यश’ नावाचे पुस्तक स्टँडवर येईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या दोन्ही अडचणी तांत्रिक आहेत आणि कष्टाने काही प्रमाणात दूर होतील. खरी अडचण लॉस एंजेलिसमध्ये 1991 साली उघड झाली. 3 मार्चच्या रात्री रॉडनी किंग यांना पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने चित्रित केली. त्यानंतर वॉरन क्रिस्टोफर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याने 1986 ते 1990 या काळातल्या तक्रारींचे दप्तर उघडले. जादा बळ किंवा अयोग्य पद्धती वापरल्याचा आरोप सुमारे 1,800 पोलिसांवर होता. पण त्यांतल्या 1,400 हून अधिक जणांवर एकदोनदाच. सहा किंवा अधिक आरोप असलेले अवघे 44, आणि एकट्या एकावर 16. हे सगळे चाचणीची परंपरा असलेल्या दलातले. इथवर वाचून कोणी म्हणेल की चाळणीची भोके मोठी होती, ती बारीक करा. पण आयोगाने त्या 44 जणांचे कामगिरी अहवालही मागवले. ते बहुतांशी चांगले होते. साहेबांनी लिहिलेला गोपनीय अहवाल आणि नागरिकांच्या तक्रारींची फाइल एकाच माणसाच्या नावाने एकाच इमारतीत होती, आणि दोन्हींतला माणूस वेगळा होता.

कुठल्याही निवड चाचणीची उपयुक्तता पडताळायची तर तिचे गुण पुढच्या कामगिरीशी जुळवून पाहावे लागतात, आणि पोलिसांच्या बाबतीत कामगिरी म्हणजे बहुधा वरिष्ठांनी दिलेला शेरा. ज्या दलात आक्रमक शिपाई ‘धडाडीचा’ म्हणून वाखाणला जातो, तिथे शास्त्रशुद्ध रीतीने बसवलेली चाचणीसुद्धा तसाच शिपाई निवडून देईल आणि आकडेवारीच्या हिशेबात ती यशस्वी ठरेल. क्रिस्टोफर आयोगाने गस्तीच्या गाड्यांमधल्या संगणकांवरून पोलिसांनी एकमेकांना पाठवलेले संदेशही तपासले. त्यांत वंशद्वेषाचे आणि मारहाणीची फुशारकी मारणारे मजकूर होते. हे संदेश वरिष्ठांना केव्हाही वाचता येण्याजोगे होते आणि लिहिणाऱ्यांना त्याची पर्वा दिसत नव्हती. विकृत माणूस आपली विकृती लपवतो. हे लोक काहीच लपवत नव्हते, कारण आपल्या खात्यात हे चालते अशी त्यांची खात्री होती. आढीतला एक नासका आंबा वेचून काढण्याची भाषा इथे लागू पडत नाही. प्रश्न आढीचाच होता.

आता चाचणी बरीच अचूक आहे असे घटकाभर मानू आणि हिशेब करू. महाराष्ट्राच्या 2024 च्या भरतीत साधारण 17,000 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांच्या वर. धावण्याची आणि लेखी परीक्षा पार करून 17,000 मुले-मुली निवडयादीत आली आणि त्यांतली पाच टक्के, म्हणजे 850, पुढे सत्तेचा गैरवापर करणारी निघणार, असे धरू. चाचणी अशा शंभरांतले 80 ओळखते आणि निर्दोष शंभरांतल्या 80 जणांना निर्दोषच ठरवते, असेही मानू. असले यश प्रत्यक्षात फारसे कुणाच्या पदरी पडत नाही. तरी 850 पैकी 680 सापडतील, 170 निसटतील आणि उरलेल्या 16,150 पैकी 3,230 निरपराध मुलांवर ‘स्वभावाने अयोग्य’ हा शिक्का बसेल. पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी 1955 मध्येच हे गणित मांडले होते : शोधायची गोष्ट जितकी विरळ, तितके तिच्या शोधात भलतेच लोक सापडतात. पहाटे चारला मैदानावर धावून तीनचार वर्षे तयारी केलेल्या मुलीला गोळा दोन फूट कमी पडला तर ते कळते, पटते. तिचा स्वभाव कमी पडला हे तिला कसे पटवणार?

यावर पहिला आक्षेप असा, की वशिला आणि जातपात यांनी बरबटलेल्या निवडीपेक्षा यंत्राने तपासलेली उत्तरपत्रिका बरी. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. शिपाई भरतीत मुलाखत नाही हे तिचे बलस्थान आहे आणि ते टिकले पाहिजे. मात्र स्वभाव चाचणीचे गुण क्वचितच अंतिम मानले जातात. अमेरिकेतही शेवटचा शब्द मानसशास्त्रज्ञाच्या मुलाखतीचा असतो. म्हणजे पुढच्या दाराने काढलेली मुलाखत मागच्या दाराने परत येते. दुसरा आक्षेप लष्कराचा. सेनेच्या अधिकारी निवड मंडळांत मानसशास्त्रीय चाचण्या अनेक वर्षे होत आहेत, मग पोलिसांना का नको? तिथे उमेदवार पाच दिवस राहतो. मानसशास्त्रज्ञ, गटकार्य पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा असे तिघे त्याला स्वतंत्रपणे पारखतात आणि शेवटी एकत्र बसतात. ही पद्धत 17,000 जणांना लावायची कुणाची तयारी असेल तर चर्चा पुढे नेता येईल. अजून तरी मागणी तासाभराच्या पेपरचीच ऐकू येते. तिसरा आक्षेप साधा आहे : हातात बंदूक देताना काहीच पाहायचे नाही का? पाहावे. गंभीर मानसिक आजार आहे का, एवढे तज्ज्ञाने निवडीनंतर, वैद्यकीय तपासणीचा भाग म्हणून जरूर पाहावे. अमेरिकेच्या 1990 च्या अपंगत्वविषयक कायद्यानेही अशा वैद्यकीय स्वरूपाच्या चाचण्या नोकरीचा सशर्त प्रस्ताव दिल्यानंतरच घेण्याची सक्ती केली.

वर्दीतली माणसे घडतात ती भरतीनंतर. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला तो मिनीयापोलिसमध्ये, एमएमपीआय जिथे जन्मली त्याच शहरात. त्यांच्या मानेवर गुडघा ठेवणारा अधिकारी 19 वर्षांच्या नोकरीचा होता, त्याच्यावर डझनाहून अधिक तक्रारी झाल्या होत्या, आणि खात्याने त्याला नव्या शिपायांचा प्रत्यक्ष कामावरचा प्रशिक्षक नेमले होते. भरतीच्या दिवशी त्याने कोणती चाचणी दिली हा प्रश्न यापुढे किरकोळ ठरतो. आपल्याकडे ‘कॉमन कॉज’ आणि सीएसडीएस-लोकनीती यांच्या 2019 च्या अहवालानुसार पोलीस दिवसाला सरासरी 14 तास काम करतात. इतक्या तासांनंतर शांत स्वभावाचा माणूसही किती शांत उरतो, हे प्रश्नपत्रिकेला विचारता येत नाही.

तरीही शासनाला चाचणी आणायचीच असेल, तर ती आधी सेवेतल्यांना द्यावी, निरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसकट. नावे झाकून त्यांची उत्तरे त्यांच्यावरच्या तक्रारींशी ताडून पाहावीत. वरिष्ठांच्या शेऱ्यांशी नव्हे. त्यासाठी बदलीबरोबर न हरवणारी, माणसागणिक ठेवलेली तक्रारींची नोंद लागेल. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचे आदेश दिले आणि महाराष्ट्राने 2014 मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. ही नोंद त्या प्राधिकरणाकडे असायला हवी, आणि ती द्यायला कुठल्या पोलीस ठाण्याने टाळाटाळ केली तर त्याचा जाब विचारण्याचा अधिकारही. मुलांच्या हाती प्रश्नपत्रिका देण्याआधी हे काम उरकावे लागेल.